मदत हवी आहे: चर्चच्या ग्रुपसोबत युगांडाला अनाथाश्रमात सेवेला जाऊ का?

सर्वांना सलाम. मी दारव्हा तालुक्यातली, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, एका प्रायव्हेट दवाखान्यात नाइट करते. आमच्या चर्चच्या मंडळीच्या ओळखीतला एक ग्रुप उन्हाळ्यात युगांडाला मिशन ट्रिप नेऊ राह्यला, कंपालाजवळच्या आश्रमात तीनेक आठवडे राहायचं, पोरायले शिकवायचं, तपासणी, संध्याकाळी गाणी-प्रार्थना. तिकीट धरून माणशी दीड लाखाच्या वर सांगतात. पाळक साहेब म्हणतात थोडं मंडळी उचलेल, बाकीचं बाबा म्हणतात कापूस विकला का पाहू, पण यंदा बोंडअळीनं काय ठेवलं ते इथल्या लोकायले सांगायची गरज नाही, मागायची हिंमतच होत नाही.

जायचं मनापासून आहे बरं का, फिरायला चालली असं कोणी म्हणू नका. पण माहितीपत्रकात आश्रमाचं नावच नाही, नुसते पोरांचे फोटो, एकीच्या कडेवर तान्हं बाळ अन् त्याच्या पायाखालीच क्यूआर कोड. नाव विचारलं तं म्हणे तिकडं गेल्यावर कळेल. टुरिस्ट व्हिसा काढू म्हणतात, त्यावर सेवा चालते का? अन् लस कोणती लागते?

प्रतिसाद १:
ताई, पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड नसेल तर युगांडात घेत नाहीत. सरकारमान्य केंद्रातच मिळते, निघायच्या किमान १० दिवस आधी घे, कार्ड आता जन्मभर चालतं. कार्ड नसताना परत आलीस तर आपल्याकडे ६ दिवस क्वारंटाइनमध्ये ठेवतात. अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी सांगजो. मलेरियाच्या गोळ्यांचंही डॉक्टरला विचार. व्हिसा ऑनलाइन निघतो, पण टुरिस्ट व्हिसावर काम करता येत नाही, म्हणून ग्रुपकडून लेखी घे. आणि तिथल्या नर्सेस कौन्सिलच्या परवानगीशिवाय इंजेक्शन-सलाईनला हात लावू नको, इकडचं रजिस्ट्रेशन तिकडं चालत नाही.

प्रतिसाद २:
मी स्पष्टच बोलतो, राग नको मानू. जगभर अशा आश्रमांतल्या बऱ्याच लेकरांचे माय किंवा बाप जिवंत असतात, गरिबीपायी, शाळेपायी ठेवलेले असतात. पाहुणे येतात, पैसे येतात, मग काही ठिकाणी पैशासाठीच लेकरं गोळा करतात. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियानं आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला तेव्हा तिथल्या संसदेत हाच विषय निघाला होता. त्यात दर महिन्याला नवीन मावशी, लळा लागला की ती विमानात. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात तेव्हाच्या मध्य प्रांतातून मुली नेल्या अन् केडगावला त्यांच्यासोबतच राहिल्या, १९२२ ला वारल्या त्याही तिथंच. तीन आठवड्यांची अन् ती सेवा एका तराजूत कशी घालायची? आश्रम तिथल्या सरकारकडे नोंदलेला आहे का, लेकरं घरी परत पाठवतात का, पाहुण्यांची पोलीस पडताळणी करतात का, एवढं तरी विचार.

धागाकर्ती:
दादा, राग कशाचा, मलेच ते खटकत होतं. पण नाव नाही सांगितलं तं सरळ नाही म्हणू का? पाळक साहेबांचा मान राखून बोलायचं कसं हो, घरचेच आहेत ते, आईच्या आजारपणात रात्र रात्र बसले होते. अन् नागपूर सोडून अमरावतीले लस मिळते का, कोणी अलीकडे घेतली असेल तं सांगा.