घरच्या बागेसाठी ग्रीनहाऊस का शेडनेट? वापरलेल्यांनी अनुभव लिहा

परभणी (धागा काढणारा)
नमस्कार मंडळी. घरामागं पंधरा बाय वीसची जागा आहे, टोमॅटो, मिरची, पालेभाजी घरचीच खायची इच्छा आहे. रेडिमेड प्लास्टिकचं ग्रीनहाऊस बघून ठेवलंय, मुलगी म्हणते घेऊन टाका बाबा, पण माझं मन घेईना. थंड मुलखात ऊब धरून ठेवायला काढलेली वस्तू आपल्या मे महिन्यात ४३-४४ अंशाला काय करणार? थंडी आपल्याकडंही पडते, कधीकधी पारा ५-६ वर येतो, पण ते चार दिवस आणि ऊन चार महिने. काय घेतलं, किती टिकलं, परत घ्यायचं झालं तर काय बदलाल ते सांगा. दुकानदारांचं ऐकून झालंय.

लातूर
दादा थांबा, घेऊ नका. मी तेच किट घेतलं होतं, साडेसहा फूट उंच, पुढं चेनचं दार आणि बाजूला दोन छोट्या खिडक्या. जानेवारीत इतकं छान वाटलं की काय सांगू, मिरची-वांग्याची रोपं भराभर वर आली. मार्चमध्ये एक दिवस लग्नाला गेलो आणि दार बंद राहिलं, संध्याकाळी येऊन बघतो तर रोपं उकडलेल्या मेथीसारखी ट्रेवर पडलेली. दुसऱ्या दिवशी दुपारी आत थर्मामीटर टांगला तर ५० च्या वर गेला. ऊन आत येतं पण तापलेली हवा जायला वर वाटच नाही. शेतकऱ्यांचं पॉलिहाऊस बघा, ते चांगलं उंच असतं, २०० मायक्रॉन जाडीचा, उन्हानं लवकर न फाटणारा यूव्ही प्लास्टिक कागद असतो आणि माथ्याला हवा जायला मोकळी फट ठेवलेली असते. किटमधी त्यातलं काहीच नसतं. मी शेवटी प्लास्टिक काढलं आणि त्याच पाईपावर ५० टक्क्याची, म्हणजे अर्धं ऊन अडवणारी हिरवी शेडनेट टाकली. प्लास्टिक घडी करून ठेवलंय, थंडीत रोपाच्या ट्रेवर टाकायला कामी येतं.

बीड, गेवराईकडचा
लातूरकर भाऊंचं बरोबर आहे, पण माझ्या मते उन्हापेक्षा वाऱ्याचा विचार आधी करा. वळवाच्या पावसाआधी जो वारा सुटतो त्याच्यात नेट छत्रीसारखी फुगते आणि खांबासकट उचलते, माझी पहिली नेट शेजारच्या लिंबावर जाऊन अडकली होती. दुसरी गोष्ट काळी माती. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच माती फुगते, नुसता खड्डा करून पाईप रोवले तर वर्षात तिरके होतात, माझे चारातले तीन झाले. मग दोन फूट खड्डे घेतले, खाली मुरूम धुम्मस करून बसवला, वर काँक्रीट, तेव्हा कुठं पाईप जागेवर राहिले. आणि नेट तारेनं पक्की आवळू नका, एका बाजूनं ओढली की सुटंल अशी गाठ मारा. आभाळ काळं झालं की मी आधी नेट सोडतो, मग वाळत घातलेले कपडे काढतो. काचेचं तर नाव काढू नका, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट ज्यानं बघितली तो मराठवाड्यात काच लावणार नाही.

छत्रपती संभाजीनगर, गच्चीवाली
माझी गच्ची आहे त्यामुळं खड्डे घ्यायचा प्रश्नच नव्हता आणि स्लॅबला ड्रिल मारलं तर पावसाळ्यात खाली गळणार. म्हणून रंगाच्या वीस लिटरच्या डब्यांत पाईप उभे करून काँक्रीट भरलं आणि वरून पॅरापेटला बांधलं, तीन पावसाळे झाले, हललं नाही. चूक नेटमध्ये झाली. जास्त सावली म्हणजे जास्त चांगलं असं वाटून ७५ टक्क्याची आणली, टोमॅटो नुसता उंच वाढला, कांडी बारीक, फूल नाही. ५० ची टाकल्यावर फळं धरली. तरी सगळं नेटखाली घालू नका हो ताई-दादा, वांग्याला ऊन लागतं, मी त्याच्या कुंड्या उघड्यावर ठेवते आणि नेटखाली कोथिंबीर, पालक, मेथी. मे महिन्यात घरची कोथिंबीर खुडायची म्हणजे काय सुख असतं! आणि आमच्याकडं नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं, तिथं नेटमुळं दोन बादल्यांच्या जागी एक पुरते, माझ्यासाठी हाच सगळ्यात मोठा फायदा आहे.

नांदेड
कोणी इन्सेक्ट नेटबद्दल, म्हणजे किडे अडवणाऱ्या जाळीबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझ्या भेंडीवर दरवर्षी केवडा रोग यायचा, पानं पिवळी जाळीदार व्हायची, तो पांढऱ्या माशीमुळं पसरतो. ४० मेशची, म्हणजे बारीक भोकांची पांढरी जाळी चारी बाजूनं लावली, भेंडी स्वच्छ राहिली, फवारणी बंदच झाली. पण त्याच जाळीत दोडका लावला होता, वेल भरगच्च, फुलं भरपूर आणि कळ्या पिवळ्या पडून गळायल्या. आठ दिवस खत-पाणी बघत बसलो, मग आईनं विचारलं, आत मधमाशी कुठून येणार रे? दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. तेव्हापासून दिवेलागणीला नर फूल तोडायचं, पाकळ्या मागं वळवायच्या आणि ज्या फुलाखाली बारकं दोडकं दिसतं त्याच्या मधी हळूच फिरवायचं. बोटाला पिवळे परागकण लागतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते दोडकं बोटभर वाढलेलं दिसतं. भेंडी-टोमॅटोला ही गरज नाही, टोमॅटोचं झाड जरा हलवलं तरी भागतं. म्हणजे काय लावणार ते आधी ठरवा, जाळी नंतर. आणि बारीक जाळीनं वारं अडतं, आत उकडतं, त्यामुळं उंची आठ फुटाच्या खाली नको.

हिंगोली
आमच्याकडं वानरं आहेत. नेटवर उडी मारली की संपलं. खाली तारेची वेल्डमेश टाकून त्यावर नेट घेतली, दुसरा उपाय मला सापडला नाही.

अंबाजोगाई
आमच्या आजीचं सांगते. तूर काढली की ती तुराट्या जपून ठेवायची, चार मेढी रोवून वर तुराट्यांचा विरळ मांडव, पश्चिमेला त्याच तुराट्यांचा कूड. वर कारल्याचा वेल, खाली मिरचीची रोपं आणि अळू. सकाळचं ऊन मोकळं यायचं, तीननंतरचं अडायचं. मी आता नेट वापरते पण बाजू तिचीच ठेवलीय, पश्चिमेला नेट जमिनीपर्यंत आणि पूर्वेला काहीच नाही. दुपारी टोमॅटो माना टाकायचे ते थांबलं.

परभणी (धागा काढणारा)
सगळ्यांचे मनापासून आभार, किट कॅन्सल केलं. ५० टक्के नेट, नऊ फूट उंची, मुरूम-काँक्रीटचे खड्डे आणि पश्चिमेची बाजू पूर्ण झाकायची असं ठरवलंय. दोडका बाहेर कुंपणावर घालीन. एकच विचारायचं राहिलं, दोन पट्ट्या जोडायला सुतळी चालंल का?

बीड, गेवराईकडचा
सुतळी नको दादा, एका पावसाळ्यात कुजते. नायलॉनची दोरी घ्या आणि काठ दुमडून दुहेरी शिवा, नेट फाटते ती काठालाच.