अल कुद्राचा ५० किमीचा लूप : पुण्याहून सायकल न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी?

कोथरूडची_सायकलवाली
फेब्रुवारीत आठवडाभर दुबईला नणंदेकडे जाणं आहे. त्यात तीन सकाळी अल कुद्राच्या, म्हणजे तिथल्या वाळवंटातल्या फक्त सायकलींसाठीच्या ट्रॅकवर काढायच्या आहेत. माझी रोड बाइक आहे, २५ मिमी टायर आणि रिम ब्रेक. नवऱ्याकडे हायब्रिड. दोघांनाही सिंहगड, बोपदेव, दिवे घाट अंगवळणी पडलेत, पण वाळवंट नवं. चार प्रश्न :
सायकल न्यावी का? वाळूने साखळीचं काय होतं? पाणी किती लागेल? आणि गाड्याच नाहीत म्हटल्यावर मागचा लाल दिवा घरी ठेवला तर चालेल ना?

सपाटीचा_वारा
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. दिवा न्याच, पुढचा पांढरा आणि मागचा लाल, दोन्ही. हिवाळ्यात त्या भागात पहाटे दाट धुकं पडतं आणि कधी कधी आठ-नऊपर्यंत हटत नाही. ट्रॅकवर गाडी नसते, पण ताशी ३५-४० ने येणारा ग्रुप असतो. हेल्मेटही तिथे सक्तीचं आहे.

आता ट्रॅकचा हिशोब. शहराच्या बाजूने, अरेबियन रँचेसजवळून सुरुवात केली तर लूप जिथे सुरू होतो त्या सैह अल सलामपर्यंत १८ किमी, मग ५० किमीचा लूप, मग परत १८. एकूण ८६. पहिल्या दिवशी गाडीने थेट सैह अल सलामला जा आणि नुसता लूप करा. भाड्याच्या सायकली, खाणंपिणं, स्वच्छतागृह सगळं तिथेच आहे.

पूर्ण ८६ करायचे असतील तर वाऱ्याचं गणित समजून घ्या. पहाटे वारा बहुतेकदा वाळवंटाकडून, म्हणजे आग्नेयेकडून येतो, आणि तुम्ही जाताय त्याच दिशेला. दुपारकडे समुद्रावरचा वायव्य वारा सुरू होतो, तोवर तुम्ही परतीला लागलेले असता. थोडक्यात दोन्ही वेळा वारा तोंडावर. यावर उपाय एकच, उजाडताना सुटायचं आणि अकराच्या आत गाडीपाशी पोचायचं. फेब्रुवारीत तिथे सातच्या आसपास उजाडतं. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असल्यामुळे लवकर उठणं जड जात नाही.

घाटवाल्यांची खरी गोची वेगळीच होते. बोपदेव चढताना दम लागतो, पण उतारावर पाय मोकळे होतात आणि बूड सीटवरून उठतं. अल कुद्राला उतार असा नाहीच. ताशी २५ ने लूपला दोन तास, आणि पूर्ण दोन तास पेडल फिरतंच राहतं. दम टिकतो, पण बसायची जागा आणि मनगटं बोलायला लागतात. म्हणून दर दहा मिनिटांनी एक गिअर जड करून वीस-तीस फेरे उभं राहून मारा, आणि हँडलवर हात सतत बदला. सरावाला घाट नको, होम ट्रेनरवर (घरात सायकल जागच्या जागी चालवायचं स्टँड) न थांबता ९० मिनिटं बसा. ट्रेनर नसेल तर रविवारी पहाटे सोलापूर रस्त्याच्या कडेने.

ग्रीस_आणि_चिंध्या
तीन सकाळींसाठी सायकल नेऊ नका. पॅक करायला दोन तास, उघडून जोडायला दीड, परतीला पुन्हा तेवढेच. शिवाय एअरलाइनचा भुर्दंड. मापाची रोड बाइक आधी बुक करा, आणि इथून फक्त पेडल, बूट, हेल्मेट आणि स्वतःची सीट न्या. सीटपोस्टच्या बोल्टला लागणारी ॲलन की चेक-इन बॅगेत ठेवा. बीबीच्या (पेडलचे दांडे ज्याभोवती फिरतात तो आस) मधोमधपासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर घरी मिलिमीटरमध्ये मोजून फोनवर लिहून ठेवा. तिथे सीट तेवढ्यावर लावली की निम्मी दुखणी टळतात.

भाड्याची सायकल ताब्यात घेताना जागेवरच बघायचं : पुढचा ब्रेक कोणत्या लिव्हरला आहे (आपल्याकडे बहुधा उजवीकडे, तिथे उलटा असू शकतो), सगळ्यात हलक्या गिअरला मागचा डिरेलर (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) स्पोकला लागत नाही ना, आणि टायरच्या रबरात काच किंवा काटा रुतलेला नाही ना. तिथे उजव्या बाजूने चालवायचं आणि डावीकडून ओव्हरटेक करायचं. सवयीने डावीकडे गेलात तर समोरून येणाऱ्याच्या अंगावर जाल. सगळ्यात जास्त हे यू टर्न मारल्यावर होतं.

वाळूचं. साखळीला खरा त्रास वाळूपेक्षा आपल्या तेलाचा असतो. पावसाळ्यात लावतो ते ओलं, जाड तेल वाळू धरून ठेवतं आणि तिची पेस्ट होऊन रोलर झिजतात. वॅक्सचं कोरडं ल्युब वापरा. साखळी आधी डीग्रीझरने धुऊन पूर्ण वाळवा, मग आतल्या बाजूने प्रत्येक रोलरवर एक थेंब, पेडल उलटं फिरवा, रात्रभर राहू द्या, सकाळी बाहेरचं सगळं पुसून काढा. ट्रॅकवरून आल्यावर पाण्याचा फवारा मारू नका, वाळू बेअरिंगमध्ये जाते. मऊ ब्रश आणि कोरडी चिंधी पुरते.

रिम ब्रेक असेल तर पॅडकडे रोज लक्ष द्या. रबरात वाळूचा एक खडा अडकला की प्रत्येक ब्रेकला रिमवर ओरखडा उठतो. खर्रर्र आवाज आला की थांबा, चाक काढा, खडा टाचणीने उचका.

ट्रॅकवर वाळूची जीभ आडवी आलेली दिसली तर ब्रेक आधीच लावून घ्या. वाळूत शिरल्यावर ब्रेक नाही, वळण नाही, हँडल घट्ट आवळणं नाही. सरळ, हलक्या गिअरमध्ये पेडल चालू. चार बोटांपेक्षा जास्त थर दिसला तर उतरा. क्लीट (बुटाच्या तळाची, पेडलमध्ये अडकणारी पट्टी) मात्र वाळूत टेकवू नका, डांबरावर पाय ठेवा. क्लीटमध्ये वाळू भरली की पेडलला क्लिप लागत नाही.

लिंबू_सरबत
वरचं सगळं पटलं, पण पाण्याबद्दल कोणीच बोललं नाही.

फेब्रुवारीत तिथे दुपारी २५-२६ अंश, म्हणजे पुण्याच्या फेब्रुवारीपेक्षा कमीच. तासाला ५०० ते ७५० मिली धरा. लूपसाठी प्रत्येकी ७५० च्या दोन बाटल्या, पूर्ण ८६ साठी सैह अल सलामला पुन्हा भरून घ्या. लूपवर मध्ये थांबे आहेत, पण पाणी मिळेलच असं धरून निघू नका. चालत्या वाऱ्यात घाम लगेच वाळतो, त्यामुळे घाम आलाच नाही असं वाटतं. तहानेची वाट न बघता दर १५ मिनिटांनी तीन-चार घोट.

नुसतं पाणीही नको. लिटरला पाव चमचा मीठ, म्हणजे साधारण दीड ग्रॅम, त्यातून ६०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम मिळतं. वर दोन-तीन चमचे साखर आणि लिंबू. ओआरएसचं पाकीट लिटरभर पाण्यात करतात ते जुलाबासाठी, सायकलिंगला फार खारट लागतं. वापरायचंच तर एक पाकीट दोन लिटरला.

एप्रिल-मेमध्ये जाणाऱ्यांनी मात्र हे आकडे वापरू नयेत. तेव्हा तासाला लिटरभर लागेल, आणि शरीराला उन्हाची सवय व्हायला आठ-दहा दिवस ते दोन आठवडे जातात. विमानातून उतरून दुसऱ्या दिवशी ८६ किमी हा वेडेपणा आहे.

कोथरूडची_सायकलवाली
सगळ्यांचे आभार, भाड्याचीच ठरली. तरी दोन शंका. टायरमध्ये हवा किती? उन्हात ट्यूब फुटते असं पेठेतल्या दुकानदारांनी सांगितलं. आणि नणंदेच्या गाडीला मागे सायकल रॅक आहे, तो चालेल का? अबू धाबी किंवा दोहाला जोडून जाण्यासारखं काही आहे का?

ग्रीस_आणि_चिंध्या
चालत्या सायकलची ट्यूब उन्हाने सहसा फुटत नाही. सकाळी ८० पीएसआय भरली आणि हवा २० अंशांनी तापली तरी ८६ च्या आसपास होते, टायर ते सहज सोसतो. फुटल्यासारखं होतं ते बंद गाडीत ठेवलेल्या सायकलचं, तिथे जुन्या पॅचचा गोंद मऊ होऊन हवा जाते. साठ-सत्तर किलो वजनाला २५ मिमीत पुढे ७५, मागे ८०. दुकानाने २८ मिमी दिले तर पुढे ६५, मागे ७०. हँडपंप न्या. टायर भरायची गॅसची काडतुसं एअरलाइनच्या परवानगीशिवाय नेता येत नाहीत, त्या फंदात पडू नका.

रॅक चालेल, पण सायकल लावल्यावर नंबरप्लेट झाकली जाता कामा नये, दंड होतो.

सपाटीचा_वारा
अबू धाबीजवळ अल वथबा आहे. ८ किमीपासून ३० च्या आसपासपर्यंतचे लूप, त्यामुळे दमलात तर मधूनच गाडीकडे वळता येतं. नवशिक्या जोडीदारासाठी मला अल कुद्रापेक्षा हा बरा वाटतो. दुबईतच नाद अल शेबाला ४, ६ आणि ८ किमीचे लूप आहेत, रात्री दिव्यांखाली. तिथे वाळवंट असं दिसत नाही, पण पोचल्या संध्याकाळी पाय मोकळे करायला उत्तम. दोहाहून अल खोरकडे जाणारा ऑलिम्पिक सायकलिंग ट्रॅक सुमारे ३३ किमीचा, सात मीटर रुंद. २०२० मध्ये त्याची गिनीज नोंद झाली. पण त्यासाठी वेगळं विमान, एका आठवड्यात नको.

त्याआधी सराव म्हणून हैदराबादचा सौर छताखालचा २३ किमीचा ट्रॅक करता येईल. वाळवंट नाही, पण गाड्यांशिवाय सलग पेडल मारण्याचा अंदाज तिथे नेमका येतो.

तळ्यात_मळ्यात
कच्छचा खावडा ते धोळावीरा रस्ता का नाही? दोन्हीकडे पांढरं रण आणि व्हिसाही नको.

सपाटीचा_वारा
देखणा आहे, पण त्यावर गाड्या चालतात आणि सिझनला पर्यटकांच्या गाड्या सेल्फीसाठी कुठेही थांबतात. इथे प्रश्न गाड्या नसलेल्या रस्त्याचा आहे.

लिंबू_सरबत
पुढेमागे ॲरिझोनात टूसॉनला गेलात तर तिथला लूप २१० किमीहून मोठा आहे, कोरड्या नद्यांच्या काठाने. तिथे वाळूपेक्षा सराट्यांचा त्रास. आपल्या माळावर असतात तेच. काटा लगेच उपटू नका, हवा पूर्ण जाईपर्यंत सावलीचं ठिकाण गाठता येतं. ट्यूबलेस असेल तर मात्र उपटा आणि भोक खाली करून चाक फिरवा, आतलं सीलंट (भोक बुजवणारं द्रव) ते भरून काढतं. कोरड्या हवेत सीलंट लवकर आटतं, जायच्या आठवड्यात नवीन भरून घ्या.

कोथरूडची_सायकलवाली
ठरलं. पहिल्या संध्याकाळी नाद अल शेबा, मग एक दिवस नुसता लूप, एक दिवस अल वथबा. ८६ चं मन आणि बूड काय म्हणतंय ते तिथे बघू.

ग्रीस_आणि_चिंध्या
डावं पेडल सोडवताना उलटे आटे विसरू नका, ते घड्याळाच्या दिशेने सुटतं. जायच्या आदल्या रात्री नाही, आठवडाभर आधी एकदा सोडवून ग्रीस लावून ठेवा. जाम असेल तर तेव्हाच कळेल.