प्रतिसाद: पाऊस वाढला की जंगल सावरेल?

दादा, पाऊस चांगला झाला की सातपुडा आपोआप सावरेल, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. आमच्या यावलकडचा अंजनच बघा. जोडपानाचं झाड, शेंगेच्या टोकाला एकच बी, तेही दरवर्षी भरपूर धरत नाही. रोप आधी मूळ खोल नेतं, वर मात्र वीतभरच दिसतं. तेवढ्यात वणवा लागला किंवा शेळ्यांनी शेंडा खाल्ला की पुन्हा पहिल्यापासून. मोकळ्या जागेत मग अमेरिकेतून आलेली घाणेरीची झुडपं माजतात. लांबून सगळं हिरवंगार! पण खाली वाकून रोपं मोजा: सालई, चारोळी, मोह यांची पोरं किती सापडतात? मला तरी काळजी त्याचीच वाटते.