तारापूर १-२ वर आयएईएची देखरेख, ३-४ वर का नाही?

निशिगंध:
तारापूरला शेजारीशेजारी चार अणुभट्ट्या आहेत. पहिल्या दोन आयएईएचे (आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे) निरीक्षक तपासतात, तिसरी-चौथी त्यांच्या कक्षेबाहेर. आपण एनपीटीवर (अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर) सहीच केलेली नाही, मग ही देखरेख आली कुठून? आणि निरीक्षक येऊन करतात काय? नुसते कागद बघतात का?

ध्रुव_क:
ही देखरेख खरेदीसोबत आली. १-२ जनरल इलेक्ट्रिकच्या, १९६३ च्या भारत-अमेरिका करारातल्या. त्यांना समृद्ध (विखंडनक्षम अंश वाढवलेलं) युरेनियम लागतं, तेही अमेरिकाच देणार होती. त्या बदल्यात तपासणी मान्य केली आणि १९७१ मध्ये ती आयएईएकडे सोपवली. ३-४ आपण बांधलेल्या, ५४० मेगावॉटच्या, नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्यावर (जड हायड्रोजनच्या पाण्यावर) चालणाऱ्या. २००६ च्या, नागरी आणि लष्करी अणुकार्यक्रम वेगळे करणाऱ्या विभाजन आराखड्यात २२ पैकी १४ भट्ट्या नागरी, म्हणजे आयएईएच्या तपासणीखालच्या यादीत घातल्या, ८ बाहेर ठेवल्या. त्या आठांत या दोन आहेत.

अण्वस्त्रं नसलेल्या एनपीटी सदस्याला देशातल्या सगळ्या अणुद्रव्याचा हिशेब द्यावा लागतो. आपल्याकडे फक्त यादीतल्या ठिकाणांचा. तपासणीचं कलम नसलं की काय होतं ते ट्रॉम्बेच्या सायरस या संशोधन भट्टीने दाखवलं: भट्टी कॅनडाची, जड पाणी अमेरिकेचं, करारात फक्त शांततामय वापराचं आश्वासन. १९७४ च्या पोखरण चाचणीचं प्लुटोनियम तिथलंच. त्याच धक्क्यातून पुढे एनएसजी, म्हणजे अणुसाहित्य पुरवणाऱ्या देशांचा गट उभा राहिला.

तळवट:
कागद हा निम्माच भाग. भट्टीत द्रव्य वजनावर नाही, नगावर मोजतात: प्रत्येक फ्युएल असेंब्लीला (इंधनाच्या कांड्यांच्या जुडग्याला) क्रमांक असतो, तो नोंदवहीशी जुळवायचा. खरी कसोटी वापरलेल्या इंधनाच्या तलावावर. त्यातल्या किरणोत्सारामुळे पाण्यात निळसर चेरेन्कोव्ह प्रकाश पडतो. निरीक्षक तलावावरच्या पुलावर उभं राहून अतिनील टिपणाऱ्या उपकरणातून असेंब्लीच्या बरोबर वरून खाली बघतो. कांड्यांमधल्या फटी उजळलेल्या दिसल्या तर इंधन खरं. जागेवर नकली असेंब्ली ठेवली असेल तर तो नमुना दिसत नाही. पाणी गढूळ असलं किंवा इंधन जुनं, कमी जळलेलं असलं की प्रकाश मंद पडतो आणि मग दुसऱ्या उपकरणाने गॅमा किंवा न्यूट्रॉन मोजावे लागतात.

दोन भेटींच्या मधल्या काळासाठी कॅमेरे आणि सील. सील तुटलं किंवा कॅमेऱ्यासमोरचे दिवे गेले तर चोरी झाली असं कुणी म्हणत नाही, पण सलग माहितीची साखळी तुटते आणि मोजणी पुन्हा करावी लागते. गणिताचा आधार ८ किलो प्लुटोनियम: एवढं गायब झालं तर बॉम्बची शक्यता नाकारता येत नाही.

रेवती७:
ध्रुव, एक महत्त्वाची गोष्ट राहिली. २००८ मध्ये एनएसजीने भारताला अणुव्यापाराची सवलत दिल्यानंतर आयात युरेनियम यादीतल्या भट्ट्यांना मिळू लागलं, त्यामुळे देशातलं युरेनियम बाहेरच्या आठांसाठी मोकळं झालं. टीकाकारांचा मुख्य आक्षेप हाच, आणि मला तो रास्त वाटतो. भट्टीवर सील लावून एकूण साठा आटोक्यात येत नाही.

ध्रुव_क:
आक्षेप मान्य, पण त्यावरचा उपाय यादी वाढवण्यात नाही, एफएमसीटी या प्रस्तावित करारात आहे: शस्त्रांसाठी विखंडनक्षम द्रव्य बनवणंच सर्वांनी थांबवायचं. १९९५ मध्ये जिनिव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेत या वाटाघाटींचा शॅनन जनादेश ठरला, २००९ मध्ये कामाचा कार्यक्रमही मंजूर झाला, पण पुढे पाकिस्तानने चर्चा सुरू होऊ दिली नाही. त्यांना आधीचा साठाही करारात हवा, आपल्याला फक्त पुढचं उत्पादन. त्या परिषदेत निर्णय एकमतानेच होतात, त्यामुळे एका देशाचा नकार पुरतो. हा करार झालाच तर ३-४ च्या वापरलेल्या इंधनाचं (ज्यातून प्लुटोनियम काढता येतं) पुढे काय होतं, हेही तपासावं लागेल.