मागच्या कॉइलमध्ये एअरबॅग: लोडवरचा उपाय की ऑफरोडला अडथळा?

सह्यवाटा (धागालेखक):
गाडी २०२० नंतरची थार, मागे कॉइल, म्हणजे वेटोळ्याची स्प्रिंग. एरवी कोथरूड ते हिंजवडी, गाडीत मी एकटा. सुट्ट्यांत मात्र टपावर तंबू, पाण्याचे कॅन, फ्रिज, हत्यारांची पेटी. मग गाडी मागून बसते, हेडलाइट वर जातात आणि ताम्हिणी घाटात समोरच्याच्या डोळ्यांवर येतात. ओळखीतले सगळे एकच सांगतात, जाड तारेची स्प्रिंग टाक. मला ते पटत नाही. जड लोडसाठी बनलेली स्प्रिंग रिकाम्या गाडीला पुलाच्या प्रत्येक जोडावर उडवते, आणि माझी गाडी बहुतेक वेळ रिकामीच असते. कॉइलच्या आत बसणाऱ्या हवेच्या पिशवीत, म्हणजे एअरबॅगमध्ये, ५ पीएसआय (हवेचा दाब) ठेवले की मूळ सस्पेंशन जवळजवळ जसंच्या तसं राहतं. लोड भरला की १५-२० करायचे, घरी आलं की सोडून द्यायचे. ज्याचा लोड सतत बदलतो त्याने एअरबॅगच घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

खडकवाट:
सहमत नाही. तुम्ही हायवेचा विचार करताय. लोणावळ्याहून राजमाचीला उधेवाडीपर्यंत भरल्या गाडीने जाऊन बघा. तिथे एक चाक लोंबतं, दुसरं आत दाबलं जातं, आणि दोन्ही जमिनीला धरून राहण्यातच ऑफरोडचं सगळं इंगित आहे. हवा भरलेली पिशवी दाबणाऱ्या चाकाला लवकर अडवते. वर दोन्ही पिशव्या टी-जोडाने एकाच नळीवर असतील तर आडव्या उतारावर खालच्या बाजूची हवा वरच्या बाजूला पळते आणि गाडी आणखी कलते. दरीच्या कडेला हा खेळ नको.

सह्यवाटा:
टी-जोड लावा असं मी म्हटलेलंच नाही. दोन नळ्या, दोन वेगळे व्हॉल्व. हवा भरायला दोन मिनिटं जास्त लागतात एवढंच. एअरबॅग बसवणाऱ्या प्रत्येकाने हे करायलाच हवं, यावर आपलं एकमत आहे.

भोरकर:
फिटिंगचं कोणीच बोलत नाहीये. काही गाड्यांत बंपस्टॉप, म्हणजे धक्का झेलणारा रबरी ठोकळा, कॉइलच्या आतच असतो. पिशवी बसावी म्हणून गॅरेजवाले तो कापतात किंवा काढूनच टाकतात. मग पिशवी फुटली की एक्सल (चाकांचा आस) सरळ चेसिसवर (गाडीच्या सांगाड्यावर) आपटतो. दुसरं, पावसाळ्यात मढे घाटाच्या बाजूला लाल चिखलाबरोबर बारीक खडी स्प्रिंगमध्ये जाते आणि पिशवीला घासत राहते. तिसरं, सायलेन्सरचा पाइप जवळून जात असेल तर उष्णतेने पिशवी खराब होते. बसवाच, पण प्रत्येक पावसाळी ट्रिपनंतर चाकं लोंबती ठेवून पाण्याने धुवा, आणि बंपस्टॉपला हात लावू देऊ नका.

पिकअपवाला:
माझी हायलक्स पिकअप आहे, मागे कॉइलऐवजी पाटे (लीफ स्प्रिंग). ऑस्ट्रेलियातल्या एअरबॅग लावलेल्या पिकअपच्या वाकलेल्या चेसिसचे फोटो पाहिलेत. कॉइलमध्येही तोच धोका?

मोजूनमापून:
नाही, तुमचं प्रकरण वेगळं. पाट्याच्या गाडीत वजन चेसिसवर दोन टोकांना, पाटे जिथे अडकवलेले असतात त्या शॅकल आणि हँगरपाशी उतरतं. पिशवी मधोमध बसवली की तिथे चेसिसवर नवीन दाब येतो, आणि मागे जड टांगलेलं असेल तर तिथूनच चेसिस वाकते. कॉइलच्या आतली पिशवी स्प्रिंगच्याच बैठकीवर टेकते, त्यामुळे दाबाची जागा बदलत नाही. कॉइलवाल्यांना हे फोटो दाखवून घाबरवणं चूक आहे.

पण सह्यवाटांचं '१५-२० करायचे' इतकं साधं नाही. कॉइलचा आतला व्यास ४ इंच धरा. क्षेत्रफळ साडेबारा चौरस इंच. २० पीएसआयला एका बाजूला २५० पाउंड, म्हणजे सुमारे ११४ किलो, दोन्ही मिळून सव्वादोनशे किलोचा आधार. आता चाक आपटलं आणि पिशवीचं आकारमान एक तृतीयांशाने घटलं, तर बाहेरच्या हवेचा दाब धरून हिशोब केल्यावर आतला दाब ३७ च्या घरात जातो. आधार जवळजवळ दुप्पट. दाबली जाताना हे चांगलंच, तळ लागत नाही. परत उसळताना मात्र ही सगळी ताकद शॉकअपला आवरावी लागते, आणि कंपनीचा शॉकअप मूळ स्प्रिंगच्या मापाने बनलेला असतो. पानशेत रस्त्यावर भरलेली गाडी मागून उड्या मारते ती यामुळे. पिशवी घेणाऱ्याने शॉकअपचाही खर्च धरावा.

खडकवाट:
आणि वजन कुठे ठेवलंय? थारचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर, २४५० मिमी. मागच्या एक्सलच्या मागे एक मीटरवर १०० किलो टांगले तर मागच्या एक्सलवर १४१ किलो येतात आणि पुढचा एक्सल ४१ किलोंनी हलका होतो. एअरबॅगने गाडी सरळ दिसते, पण ते ४१ किलो पुढे परत येत नाहीत. घाटात ब्रेक मारताना आणि वळताना ते जाणवतं. एअरबॅगने गाडीची कंपनीने ठरवलेली वजनमर्यादाही वाढत नाही. डोळ्याला सरळ दिसणारी गाडी माणसाला आणखी सामान भरायला लावते, हा माझा खरा आक्षेप.

सह्यवाटा:
४१ किलोंचा मुद्दा जाड स्प्रिंगलाही तितकाच लागू आहे. स्प्रिंग टाकूनही ते पुढे येत नाहीत. मग तो एअरबॅगविरुद्धचा मुद्दा कसा? सामान पुढे सरकवा, पाणी सीटच्या मागे खाली ठेवा, हा त्यावरचा उपाय, आणि तो दोन्हीकडे सारखाच.

खडकवाट:
फरक आहे. स्प्रिंग घेताना चांगला दुकानदार आधी विचारतो, किलो किती? ५० ते १५० ची वेगळी, ३०० ची वेगळी. मापावर घेतलेली वस्तू जास्त लोड झाला की बसते आणि तुम्हाला कळतं. पिशवीत पाच पीएसआय वाढवले की तो इशाराच संपतो.

भोरकर:
मग भांडण कशाला, काट्यावर जा. वाळूच्या ट्रकांच्या वजनकाट्यावर आधी फक्त मागची चाकं चढवून वजन घ्या, मग पूर्ण गाडी. टाकी फुल, माणसं आत, टपावर तंबू, सगळं घेऊन.

सह्यवाटा:
जातो, पावतीचे आकडे इथेच टाकतो. मर्यादेच्या आत असलो तर एअरबॅग बसवणार, वेगळ्या व्हॉल्वची, सोबत शॉकअप. बाहेर असलो तर आधी फ्रिज उतरेल.

खडकवाट:
आत असलात तरी राजमाचीला माझ्याबरोबर चला, तिथे पिशवी किती पीएसआयवर ठेवता ते बघू.