मदत हवी आहे: वाचनगटात 'अ प्लेग टेल: इनोसन्स' दाखवायचा आहे, कोणते भाग निवडू?

नमस्कार मंडळी,

कोथरूडमध्ये आमचा छोटा वाचनगट आहे. दर महिन्याला एक पुस्तक ठरवायचं, सगळ्यांनी वाचून यायचं आणि मग त्यावर बोलायचं. पंचविशीतल्या मुलींपासून सत्तरी ओलांडलेल्या काका-काकूंपर्यंत सगळे असतात. पुढच्या बैठकीला पुस्तकाऐवजी एक व्हिडिओ गेम घेऊ या, असं मी सुचवलं. थोडी कुरकुर झाली, पण गट तयार झाला. मी खेळणार, बाकीचे मोठ्या पडद्यावर बघणार आणि मग चर्चा. दाखवायला जेमतेम दोन तास मिळतील.

मला दोन बाबतींत मदत हवी आहे. एक, कोणती प्रकरणं दाखवू? दोन, या गेमवर समीक्षकांनी घेतलेले आक्षेप, ज्यांनी आयुष्यात एकही गेम खेळलेला नाही अशा लोकांपुढे कसे मांडू? (खाली कथानक उघड होतं. खेळायचा असेल तर इथेच थांबा.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बोर्दोच्या असोबो स्टुडिओने केलेला हा गेम मे २०१९ मध्ये आला. काळ १३४८, जागा फ्रान्सचा नैऋत्य भाग. एकीकडे इंग्लंड-फ्रान्सचं शंभर वर्षांचं युद्ध, दुसरीकडे प्लेग. अमिसिया पंधरा वर्षांची आणि तिचा भाऊ ह्यूगो पाच वर्षांचा. ह्यूगोच्या रक्तात जन्मापासून एक गूढ आजार आहे, म्हणून आईने त्याला वेगळं ठेवून वाढवलेलं. त्यामुळे ही भावंडं एकमेकांना धड ओळखतसुद्धा नाहीत. इन्क्विझिशनचे, म्हणजे पाखंड्यांना शोधून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायसंस्थेचे, सैनिक ह्यूगोला न्यायला येतात, वाड्यात कत्तल होते आणि दोघं पळ काढतात. अमिसियाजवळ फक्त गोफण. वाटेत सैनिक, आणि जमिनीतून उसळून येणारे हजारो उंदीर. उंदीर उजेडाला घाबरतात, त्यामुळे मशाल विझली की संपलं.

आता समीक्षेबद्दल. गुण चांगले मिळाले. समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर शंभरात ८० च्या आसपास. फ्रान्सच्या पेगासेस पुरस्कारांत २०२० साली सर्वोत्कृष्ट गेम हाच ठरला आणि त्याच वर्षी विक्री दहा लाख प्रतींच्या पुढे गेली. भावंडांचं नातं, आवाज देणाऱ्या कलाकारांचं काम, ऑलिव्हिए देरिविएरचं संगीत आणि दृश्यं यांचं कौतुक जवळपास सगळ्यांनी केलं. एका वेळी पडद्यावर पाच हजारांपर्यंत उंदीर दिसतात, आणि हे सगळं असोबोने स्वतःच्या इंजिनवर (गेम ज्यावर चालतो त्या मूळ सॉफ्टवेअरवर) केलं, याचीही बरीच चर्चा झाली.

आक्षेपही बहुतेकांचे तेच होते. लपतछपत पुढे सरकण्याचा भाग फार सोपा आहे, प्रत्येक कोड्याला एकच उत्तर आहे, पहारेकरी आंधळे आहेत, वाट सरळसोट आहे. थोडक्यात, कथा उत्तम पण खेळ बेताचा.

मला हे पटत नाही, आणि गटात मला नेमकं यावरच बोलायचं आहे. कथा एका ताटात आणि खेळ दुसऱ्या ताटात वाढला, तर या गेममध्ये जे घडतं ते दिसतच नाही. ह्यूगोचा हात धरायला वेगळं बटण आहे. हात सोडून त्याला 'इथेच थांब' म्हणता येतं. पण फार वेळ एकटं ठेवलं, फार लांब गेलात, की तो घाबरतो, हाका मारतो आणि पहारेकरी सावध होतात. म्हणजे भिंतीपलीकडची कळ फिरवायला जाताना डोक्यात कोडं नसतंच. मागे राहिलेलं पोर असतं. ही भावना कुठल्याही संवादातून आलेली नाही, खेळाच्या नियमातून आली आहे. मग त्याला बेताचा खेळ कसं म्हणायचं?

दुसरं उदाहरण याहून अवघड आहे. एक सैनिक कंदील हातात घेऊन उभा आहे, भोवती उंदरांचा वेढा. गोफणीने कंदील फोडला की तो अंधारात जातो. पुढचं बघवत नाही. वाट मोकळी होते, कोडं सुटतं. हे अमिसियाने केलं की मी? सुरुवातीला एका माणसाचा जीव गेल्यावर थरथरणारी ही मुलगी पुढे कंदील फोडताना क्षणभरही थांबत नाही, आणि तोपर्यंत माझाही हात थांबेनासा झालेला असतो. गेमच्या नावातली निरागसता इथे जाते, खेळणाऱ्याच्या बोटांतून. उत्तर एकच आहे हा समीक्षकांचा आक्षेप या जागी तर मला गेमची ताकद वाटतो. दुसरी वाट असती तर ती घेऊन मी नामानिराळी राहिले असते.

पुण्यात हा गेम दाखवण्यामागे आणखी एक कारण आहे. आपल्याकडे प्लेग ही पुस्तकातली गोष्ट नाही. सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ ला गेल्या त्या रोग्यांची सेवा करताना लागण होऊन. त्याच साली रँडच्या हाताखालचे गोरे सोजीर पेठांमधल्या घरांत घुसून झडत्या घेत होते, माणसांना छावण्यांत हलवत होते, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. रोग एकीकडे आणि रोगाच्या नावाने दारात आलेली सत्ता दुसरीकडे, हा अनुभव या शहराच्या आठवणीत आहे. गेममध्ये सैनिक घरात शिरतात ते दृश्य आमच्या गटातल्या ज्येष्ठांना वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

तर अनुभवी मंडळींनी सांगावं. पहिलं प्रकरण पूर्ण दाखवू का? मधली लपाछपी बघणाऱ्यांना कंटाळवाणी होईल का? बघण्याने हा अनुभव पोचतो, की खेळल्याशिवाय पोचतच नाही?

प्रतिसाद

पहिलं प्रकरण पूर्ण दाखवाच, काटछाट नको. वडिलांबरोबर जंगलात शिकार, कुत्रा, मग घरावरचा हल्ला. एवढ्यात सगळी मांडणी होते. फक्त कुत्र्याचं काय होतं ते आधी सांगून ठेवा. माझी आई त्या दृश्याला उठून आत गेली होती.

त्यानंतर थेट पाचवं प्रकरण. युद्ध संपलेल्या मैदानात प्रेतांचा खच, त्यातून वाट काढणारी दोन मुलं आणि उंदीर. कंदिलाबद्दल तुम्ही म्हणता तो प्रश्न तिथून पुढे टोकदार होत जातो. मधली तीन प्रकरणं तोंडी सांगा.

प्रतिसाद

ताई, तुमचं हात धरण्याचं निरीक्षण आवडलं, पण समीक्षकांवर थोडा अन्याय होतोय. तुमचा मुद्दा पूर्वार्धाला लागू आहे. उत्तरार्धात किमयेच्या एकेक युक्त्या हाती येतात: आग पेटवायची, आग विझवायची, शिरस्त्राण काढायला लावायचं. मग ह्यूगो स्वतःच उंदरांना हुकूम सोडायला लागतो. हात धरून चालणारी दोन घाबरलेली मुलं जातात आणि त्यांच्या जागी फौज येते. इन्क्विझिशनचा प्रमुख विटालिस याच्याबरोबरची शेवटची लढत तर सरळ वेगळ्याच गेममधली वाटते. बऱ्याच समीक्षकांची नाराजी याच भागावर होती आणि ती रास्त आहे. गटात हेही सांगा, नाहीतर बाजू एकतर्फी होईल.

आणि पहारेकऱ्यांचं म्हणाल, तर मडकं फेकलं की सगळे तिकडे बघतात आणि लगेच विसरून जातात. याला कथेची गरज म्हणता येणार नाही.

प्रतिसाद

मी स्वतः गेम खेळत नाही, मुलगा खेळताना पूर्ण बघितला आहे. बघूनही पोचतो. पण एक करा. हात सोडण्याची वेळ आली की खेळ थांबवा आणि बसलेल्यांना विचारा, 'सोडू का?' आमच्या घरी मुलगा मला विचारायचा आणि मी दर वेळी नको म्हणायचे. तो तरीही सोडायचा, कारण त्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

इतिहासाची आवड असलेलं कुणी गटात असेल तर उंदरांवरून प्रश्न येईल, तयारी ठेवा. १३४८ मध्ये उंदरांचा आणि प्लेगचा संबंध कुणालाच ठाऊक नव्हता. उंदरांवरच्या पिसवांमधून प्लेग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवलं, म्हणजे पुण्यातल्या साथीच्या दुसऱ्याच वर्षी. गेममधले उंदीर रोगापेक्षा शापासारखे येतात. ते इतिहास म्हणून नाही, भीतीचं रूप म्हणून बघावं.

प्रतिसाद

दुसरा भाग, 'रेक्विएम', ऑक्टोबर २०२२ मध्ये आला, त्याचा उल्लेख चर्चेत जरूर करा. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये तो वर्षातील सर्वोत्कृष्ट गेमच्या नामांकनांत होता. लढायला जास्त मोकळीक दिली, कोड्यांना एकापेक्षा जास्त वाटा दिल्या, म्हणजे पहिल्या भागावरच्या आक्षेपांची दखल घेतलेली दिसते. पण दुसऱ्या भागात अमिसियाच्या हातून इतके सैनिक मरतात की तिच्या दुःखावर विश्वास ठेवणं मला जड गेलं.

आणि भाषेचं काय करणार? मराठी उपशीर्षकं नाहीत. इंग्रजी आवाजांना फ्रेंच वळण आहे, ज्येष्ठांना पटकन कळणार नाही.

धागालेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढ्या नेमक्या सूचना मिळतील असं वाटलं नव्हतं.

पहिलं आणि पाचवं प्रकरण पक्कं केलं. कुत्र्याबद्दल आधी सांगेन. 'सोडू का?' असं थांबून विचारण्याची कल्पना तर मी जशीच्या तशी उचलते. त्यातून बघणारेही खेळात ओढले जातील, आणि माझी खरी अडचण तीच होती.

उत्तरार्धाबद्दलचा आक्षेप मान्य. ह्यूगोच्या हाती उंदीर आल्यावर जो ताण ओसरतो तो मलाही जाणवला होता. माझा मुद्दा आता असा मांडते: जिथे खेळाचा नियम आणि नातं एकच आहे तिथे हा गेम असामान्य आहे, आणि जिथे ते सुटे होतात तिथे समीक्षक बरोबर आहेत. त्यासाठी शेवटच्या प्रकरणांतली पाचेक मिनिटंही दाखवेन, म्हणजे गटाला स्वतः ताडून बघता येईल. 'रेक्विएम'ची तुलना वेळ उरला तरच.

भाषेसाठी महत्त्वाच्या संवादांचं मराठी भाषांतर एका कागदावर करून वाटायचं ठरवलंय. पहिल्या प्रकरणाचं झालं आहे. पाचव्याचं कुणी करून देऊ शकेल का, किंवा मी केलेलं तपासून देईल का? बैठक या महिन्याच्या शेवटच्या रविवारी आहे. जमत असेल त्यांनी इथेच लिहा, मी व्यक्तिगत निरोपातून मजकूर पाठवते.