पुतण्याला किती सांगायचं?

निफाडकर:
मी 19 वर्षं द्राक्षं करतोय. थोरल्या भावाच्या मुलानं यंदा थॉमसन जातीच्या द्राक्षाची दीड एकर बाग हातात घेतली. रोज सकाळी मोबाइलवर पानाचा फोटो येतो, खाली एकच ओळ: "काका, काय मारू?" मी औषध सांगतो, तो मारतो. परवा विचारलं, हे कशासाठी मारलंस? त्याला सांगता आलं नाही. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, तोंडावर आलीय. सांगणं बंद करावं तर बाग जाईल, सांगत राहावं तर पोरगं शिकणार नाही. तुम्ही काय करता?

तासगावचा बागायतदार:
दादा, फोटोवर औषध सांगू नका. मी नवखा होतो तेव्हा शेजारच्या अण्णांकडे पान तोडून न्यायचो. ते हातात घ्यायचेच नाहीत. "चल, वेलीपाशी." तिथं पान उलटून बघायला लावायचे. वर तेलकट डाग, खाली पांढरी बुरशी, म्हणजे डाउनी रोग. राखेसारखी पूड, बोटानं पुसली जाणारी, म्हणजे भुरी रोग. मग विचारायचे, दव किती वाजेपर्यंत होतं? मला माहीतच नसायचं. दुसऱ्या दिवसापासून मी सहाला बागेत! औषधाचं नाव ते सगळ्यात शेवटी सांगायचे. पहिल्या वर्षी मला फार राग यायचा त्यांचा. आज अण्णा नाहीत, पण पान अजून त्यांच्यासारखंच उलटतो.

छाटणीआधी काडी प्रयोगशाळेतून तपासून घ्या आणि अहवाल पुतण्यालाच आणू द्या. काडीवरच्या कितव्या डोळ्यात (कोंबात) घड आहे ते त्यानं वाचावं, दहा वेली त्यानंच छाटाव्यात. तुम्ही मागून बघत चला. चुकला तर दहाच वेली.

दिंडोरीची ताई:
पेस्टिंगला, म्हणजे छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काडीला द्रावण लावताना, मात्र चुका करत शिकू देऊ नका. त्यातलं हायड्रोजन सायनामाईड विषारी आहे. हातमोज्यांशिवाय कुणी बादलीला हात लावायचा नाही, आणि आदल्या दिवशी दारू घेतलेल्या माणसानं तर मुळीच नाही. त्या द्रावणासोबत दारू जिवावर बेतते. काम झाल्यावरही लगेच घ्यायची नाही. माझे सासरे एरवी शांत, पण त्या दिवशी स्वतः बादलीपाशी उभे राहायचे.

निफाडकर:
आज फोटो आला. मी एवढंच विचारलं, "पान उलटून बघितलंस का?" वीस मिनिटांनी उत्तर आलं: "खाली पांढरं आहे काका. कडेच्या ओळीत जास्त आहे, जिथं पाणी साचतं तिथं." पाण्याचं मी विचारलंच नव्हतं.

उद्या सहाला त्याच्या बागेत जातोय.